वच्छला, तो अबोला नव्हता

वच्छला, तुले डेंगू झाला होता. हे तुले अजून कोणीच सांगितलं नाही. रक्ताचा कागद आला तेव्हा तू ऐकायच्या पलीकडं गेली होती. नंतर जे आले ते मलेच सांगत बसले. म्हणून आता मी तुले सांगतो. लकवा नव्हता. वेड नव्हतं. आपल्या गल्लीतल्या बाया म्हणत होत्या तसं बाहेरचं तर नव्हतंच नव्हतं. एक मच्छर चावला अन् तो डेंगू हाडात न जाता तुझ्या डोक्यात गेला.

विहारातल्या पोरी आल्या होत्या. म्हणे, आजीवर दोन शब्द लिहून द्या, पुस्तिकेत छापतो. मी म्हटलं, काय लिहितात? तर म्हणे, प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू. कष्टाळू ठीक आहे. पण मनमिळाऊ? नळावर तुले भिऊन बाया आपोआप ओळ लावत. मले तू भरल्या पंगतीत भैताड म्हटलं आहे. मी पोरींले सांगितलं, मी चौथी शिकलेला पत्रा ठोकणारा माणूस, मले गोड लिहिता येत नाही. जे झालं ते लिहीन. छापायचं तर छापा.

मी रडत नाही आहो, हेही सांगून ठेवतो. मले राग येऊन राहिला. सकाळी उठलो का येते, रात्री निजेपर्यंत राहते. महानगरपालिकेवर येते. तू गेल्यावर तीन दिवसांनी ते धूर सोडायले आले, माणूस नेल्यावर. कूलरची टाकी दाखवा म्हणे. मी म्हटलं, बापू, जिंदगीभर कूलर बनवले, टाकी कोरडी करून, पुसून, उलटी घालून ठेवतो मी, पाह्य. काही सापडलं नाही. मग बाजूच्या अर्धवट बिल्डिंगमधल्या लिफ्टच्या खड्ड्यात बॅटरी मारली, तर पाण्यात अळ्या वळवळून राहिल्या होत्या. दोन पावसाळे तो खड्डा तसाच आहे. तू बिल्डरच्या माणसाईले गॅलरीतून ओरडून ओरडून सांगितलं होतं. आता त्यावर नोटीस चिकटवली. कागद चिकटवला का मच्छर मरतात काय?

पण हा राग सोपा आहे वं. दुसऱ्यावरचा राग सोपाच असते.

आपलं भांडण रविवारी झालं. सावनेरच्या तुझ्या दादाच्या नातीचं लग्न होतं, पुढच्या महिन्यात. तू म्हटलं जाऊ. मी म्हटलं, तुझ्या दादाच्या दारात पाय ठेवणार नाही. बारा वर्षांआधी त्यानं चार लोकांत म्हटलं होतं, "जावई पाहिला आमचा? डब्बे बडवते." ते मी सोडलं नव्हतं. तू म्हटलं, "अवो, त्या बिचाऱ्याले आठवतही नसंल. तुमीच त्याले दरसाली पाणी घालून जिवंत ठेवता." मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. तू म्हटलं, मग मी एकटी जाते. मी म्हटलं, "जाय. तिकडंच राह्य मग."

तू शुद्धीत असताना मी तुले बोललेलं हे शेवटचं. तिकडंच राह्य मग. पुस्तिकेत हेही छापा, पोरींनो.

त्यानंतर तुझा अबोला सुरू झाला. तुझ्या अबोल्याची मले भीती नव्हती, सदतीस वर्षांत त्याचे सारे कायदे मले पाठ होते. जेवण वेळेवर, पण ताट आपटून. माझ्याशी बोलायचं नाही, पण माझ्यासाठी गॅसशी बोलायचं. "गॅसबाई, सांग त्याईले, भाकर झाली." "भिंतीबाई, विचार त्याईले, पालखट मांडून बसले तर दळण कोण आणंल." अन् तीन नाहीतर चार दिवसांनी तूच येणार, चहाचा कप ठेवणार अन् म्हणणार, "घ्या, भैताड." सुटला अबोला. एकदाच पाच दिवस गेले होते, तुझ्या शिलाई मशीनच्या झाकणाचा पत्रा काढून मी गिऱ्हाइकाच्या कूलरले ठोकला तेव्हा. तो तुझा हक्कच होता. पाचव्या दिवशी मी तुले विचारलं, झाकण नवीन करून देऊ का? तू भिंतीले सांगितलं, "सांग त्याईले, खिडकीचंही करा म्हणा."

ह्या वेळी रविवारी संध्याकाळी तू गॅसशी बोलली. सोमवारपासून गॅसशीही बोलली नाही.

तिथंच मले समजायले पाहिजे होतं. वच्छला माझ्याशी नाही बोलली तर समजते, पण भिंतीशीही नाही? मले वाटलं, ह्या वेळी राग मोठा आहे. दादाचा आहे ना, म्हणून मोठा आहे.

सोमवारी तू चहात मीठ घातलं. मले वाटलं, मुद्दाम. मी पूर्ण कप पेलो. तुझ्याकडं पाहत पाहत पेलो, तोंडही वाकडं केलं नाही. मनात म्हटलं, घे. तू पाहतही नव्हती. मंगळवारी तू एकच चादर घडी करून राहिली होती, उलगडून पुन्हा घडी, पुन्हा उलगडून, दुपारभर. मी समोर पेपर धरून बसलो होतो. बुधवारी तू लग्नासाठी काढून ठेवलेलं जांभळं लुगडं नेसली. उलटं नेसली, काठाचे धागे बाहेर. थैली मांडीवर घेऊन दाराच्या पायरीवर बसली. मले वाटलं, सावनेरले निघाल्याचं नाटक आहे, मी अडवावं म्हणून. मी म्हटलं, बस. पाहू कोण आधी तोंड उघडते. अन् तुझ्या बाजूनं, तुझ्या पदराले पायही न लावता, मी चौकात जाऊन बसलो. तिथं आपल्या नंदनवन वस्तीतले सारे म्हातारे राजकारण करत होते. मीही केलं. तू उन्हात पायरीवर दुपारपर्यंत बसून होती, हे मागच्या घरातल्या रेखानं मले नंतर सांगितलं. तिनं विचारलं होतं, "काकी, कुठं चालल्या?" तू तिच्याकडं पाहून नुसती हसली. तिले वाटलं, काकी खुशीत आहे.

तुझ्या अंगाले मी चार दिवस हात लावला नाही. लावला असता तर तापली होती का नव्हती हे तरी समजलं असतं. नंतर तुझ्या पानाच्या डब्यात तापाच्या गोळ्यांची पट्टी सापडली. अर्धी रिकामी. म्हणजे रविवारी, सोमवारी तुले ताप होता. तू मले सांगितलं नाही. काहून सांगितलं नाही वं? अबोल्यात ताप सांगायचा नाही, हा कायदा कोणी केला होता? तुझ्यावरही राग आहे माझा, समजलं का? तू मेली म्हणून तू सुटणार नाही.

गुरुवारी सकाळी मी दाढी करत होतो. तू मागून आली अन् माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी मनात म्हटलं, जिंकलो. तू म्हटलं, "दादा, तू कधी आला?"

मी वळून पाह्यलं. तुझे डोळे माझ्यावर होते पण मी त्यात नव्हतो.

"दादा, मले घरी घेऊन चाल. ते माह्याशी बोलत नाहीत. गंज दिस झाले." मग तूच माझी बाजू घेतली. म्हटलं, "वाईट नाहीत रे ते. पत्र्यावानी आहेत. तापले का तापतात, थंडे झाले का हात लावता येते."

अन् मी काय केलं? मी ओरडलो. चार दिवसांनी माझ्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो ओरडून निघाला. "मी तुझा दादा नाही! डोळे फुटले काय?" तू दचकली. लहान पोरगी दचकते तशी. मग तुझा डावा हात थरथरायले लागला, मान एकीकडं वळली, तोंडाले फेस आला अन् तू माझ्या अंगावर पडली.

रेखानं ऑटो आणला. धंतोलीच्या त्या दवाखान्यात पोहोचलो. तिथं एक तरुण डॉक्टर होता, एका हातात मोबाईल, एका हातात पेन. त्यानं विचारलं, "कधीपासून असं होतंय?"

आता लक्ष देऊन ऐक, वच्छला. ही गोष्ट मी तुले सोडून कोणाले सांगणार नव्हतो.

चार दिवस, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण मले पुढचा सवाल दिसला. मग चार दिवस तुम्ही काय करत होता, बाबा? बाजूले रेखा उभी, मागं अनोळखी लोकांची गर्दी, पलीकडं एक नर्स. त्या सगळ्यांसमोर मी काय सांगू? का आम्ही म्हातारा-म्हातारी लग्नावरून रुसून बसलो होतो? का मले वाटलं ती नखरे करून राहिली?

मी म्हटलं, "आज सकाळी. एकदम."

"त्याआधी?"

"एकदम चांगली होती. स्वयंपाक केला."

"ताप वगैरे?"

"नाही."

माझं खोटं त्यानं इंग्रजीत लिहून घेतलं. इंग्रजीत लिहिलं का खोटंही खरं दिसते. एकदम झालं म्हणजे लकवा, म्हणून डोक्याचा फोटो काढला. फोटो साफ. म्हणे, पहिल्या फोटोत कधी कधी दिसत नाही, म्हणून लकव्याचाच इलाज चालू ठेवला. अंगात ताप नव्हता. रक्तातल्या प्लेटा थोड्या कमी होत्या, पण म्हणे ह्या वयात होते. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. तू डोळे उघडायची, कोणाले तरी शोधायची अन् बंद करायची.

शुक्रवारी सावनेरहून तुझा दादा आला. काठी टेकत, दोन बस बदलून. तुझे पाय हातात घेऊन बसला. तू त्यालेही ओळखलं नाही. मले वाटलं, आता हा मले बोलंल. बोलला असता तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो. तो म्हणाला, "भाऊजी, तुमी जेवले का?" बारा वर्षं ज्या माणसाले मी मनात जोडे मारले, तो मले डब्यातली पोळी देऊन राहिला होता. त्याचाही मले रागच आला.

शनिवारी डॉक्टरीणबाई आली. दुसरी होती, केस पिकायले लागलेली. तिनं स्टूल ओढला अन् माझ्यासमोर बसली. कागद बाजूले ठेवला.

"बाबा, मी तुमच्यावर रागवायला आले नाही. मला एवढंच सांगा, आई तुमच्याशी शेवटचं नीट कधी बोलल्या?"

असा सवाल कोणी विचारते काय? मी म्हटलं, "रविवारी."

"आज शनिवार आहे."

"हो."

"मग सोमवार ते बुधवार?"

तिले मी सगळं सांगितलं. मीठ, चादर, उलटं लुगडं, गॅस, भिंत. ती मान खाली घालून लिहीत होती. पेन जोरात चालत होता. मग तिनं घरात काही गोळ्या आहेत का ते विचारलं, म्हणून मी रेखाले फोन लावून तुझा पानाचा डबा पाहायले सांगितलं, तवाच गोळ्यांची पट्टी निघाली. संध्याकाळी रक्त पाठवलं, मणक्यातलं पाणी काढून पाठवलं. डेंगू निघाला. मी म्हटलं, बाई, डेंगूत तर अंग फुटते, ताप चढते, प्लेटा पडतात, सगळ्यांले माहीत आहे. ती म्हणे, "नेहमीचा डेंगू तसा असतो. कधी कधी तो मेंदूवर जातो. माणूस गप्प होतो, गोंधळतो, ओळख विसरतो. ताप थोडासा येऊन गेलेला असतो, घरच्यांना कळतही नाही. हे अनयुज्वल आहे, बाबा."

अनयुज्वल. म्हणजे नेहमीसारखं नाही. आपल्या घरात हा शब्द तेव्हापासून राहायले आला आहे.

त्याच वेळी कोणीतरी पपईच्या पानाचा रस घेऊन आलं. बेशुद्ध बाईले. कोणी म्हणालं, एकदा बाहेरचं पाहून घ्या, कामठीकडं एक जण आहे. माझ्या बापानं छप्पनसाली दीक्षा घेतली, त्या घरात हे सांगतात मले! त्याले मी जिन्यापर्यंत हाकलत नेलं. पण जिन्यावर उभा राहून मले वाटलं, भूत मानणारे निदान घाबरून दुसऱ्या दिवशी तरी धावतात. मी भूतही मानलं नाही अन् दुखणंही मानलं नाही. मी फक्त तुझा हट्ट मानला.

सोमवारी दुपारी तू गेली.

मी बाईले विचारलं, दोन दिवस आधी खरं सांगितलं असतं तर? ती म्हणे, "बाबा, ह्यावर नेमकं औषध नाही. आम्ही फक्त आधार देतो. कदाचित हेच झालं असतं." ते कदाचित मले चावते. पक्कं सांगितलं असतं का वाचली असती, तर मी त्याखाली मेलो असतो. पक्कं सांगितलं असतं का नसती वाचली, तर जगलो असतो. ती चांगली बाई आहे, खोटं बोलली नाही. मी बोललो होतो.

पंधरा दिवसांनी कागद घ्यायले गेलो तर ती म्हणाली, असा डेंगू कमी दिसतो, दुसऱ्या डॉक्टरांसाठी लिहून ठेवायचा आहे, आईंचं नाव येणार नाही, तुमची परवानगी पाहिजे. मी म्हटलं, लिहा. पण त्यात हेही लिहा का नवऱ्यानं खोटं सांगितलं.

"तसं लिहीत नाहीत, बाबा."

"मग कसं लिहितात?"

ती म्हणे, "माहिती उशिरा मिळाली, असं लिहितात."

पाह्य, शिकलेल्या लोकांची भाषा कशी असते. कोणी उशीर केला, ते त्यात राहतच नाही.

आता ज्योतीचं. आपली पोरगी पुण्याहून आली तेव्हा तुले नळ्या लागल्या होत्या. मंगळवारी तिचा फोन आला होता अन् तू घेतला नव्हता, तेव्हा मीच तिले हसत सांगितलं होतं, "तुझी माय रुसली आहे, ह्या वेळी मोठ्या फौजेनं रुसली आहे." तीही हसली होती. तू गेल्यावर ती त्या तरुण डॉक्टरवर पेटली. दोन दिवस लकव्याचा इलाज करत बसला, माझ्या आईचे दोन दिवस खाल्ले, असं म्हणत चार पानांचा अर्ज लिहिला तिनं. त्याची नोकरी जावी असा अर्ज. पुण्यानुमोदन झालं, लोक जेवून गेले, भांडी घासून झाली अन् तिनं तो माझ्यासमोर ठेवला. "बाबा, तुम्ही नवरा आहात. तुमची सही पाहिजे. आणि ते विचारतील तेव्हा सांगायचं, पेशंट सकाळपर्यंत व्यवस्थित होती."

माझंच वाक्य मले परत आलं.

मले तो डॉक्टर आवडत नाही, वच्छला. तुले तपासताना त्याचा मोबाईल वाजला अन् त्यानं उचलला. त्याचा बाप असतो तर मुस्काटात मारली असती. सही केली असती तर माझा सारा राग त्याच्या घरी राहायले गेला असता अन् मी मोकळा झालो असतो. पेन मी उघडला होता. सहीतलं पहिलं अक्षर काढलंही होतं.

मग म्हटलं, "ज्योती, त्याले मी खोटं सांगितलं."

"काय?"

"तुझी माय सोमवारपासून अशी होती. मी आज सकाळपासून म्हणून सांगितलं. त्यानं माझ्या सांगण्यावर इलाज केला."

"सोमवारपासून... म्हणजे मी फोन केला तेव्हा? तुम्ही हसला होतात बाबा."

"हो."

"तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं. मले वाटलं, अबोला आहे."

"आणि तुम्ही आधी बोलला नाहीत."

"नाही."

तिनं अर्ज घेतला, माझं एक अक्षर असलेला, अन् थैलीत टाकला. भांडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. आरडली असती तर बरं झालं असतं. ती गप्प झाली, अन् गप्प झाली का ती हुबेहूब तू दिसते. तुझ्यासारखंच चप्पल दोनदा आपटून घातली अन् दुपारच्या बसनं पुण्याले गेली.

आज अकरा दिवस झाले. तिचा फोन नाही. लोक म्हणतात, द्या थोडा वेळ, येईल आपोआप. तुझा दादाही म्हणाला. कोणाच्या आपोआपवर आता मी बसणार नाही. मी रोज सकाळी सातले तिले फोन लावतो. ती उचलते. बोलत नाही, पण ठेवतही नाही. तिकडं पुण्याची गाडी वाजते, कुकरची शिट्टी होते. मी एकटाच बोलत राहतो. काल काय शिजवलं ते सांगतो, कच्चं राहिलं तेही सांगतो. लिफ्टच्या खड्ड्यावर मी स्वतः पत्रा ठोकून आलो अन् बिल्डरच्या माणसाशी कसं भांडलो, ते सांगितलं. तुझ्या दादाच्या नातीच्या लग्नाले मी जाणार आहो, तेही सांगितलं. तुझ्याबद्दल खोटं बोलून मी डॉक्टरले फसवलं, हे पुन्हा पुन्हा सांगतो, तिले ऐकून ऐकून कंटाळा येईपर्यंत सांगणार आहो. मले माफ कर, हे मात्र तिले म्हटलं नाही. ते तुले म्हणायचं होतं, तू ऐकत नाही, अन् दुसऱ्याच्या हाती ते पाठवता येत नाही.

पण तिची ती शांतता मले ऐकवत नाही वं. आता कोणतीच बाई गप्प बसली का मले राग समजत नाही, मले दुखणं समजते. म्हणून आज मी माझं सारं बोलणं मधेच तोडलं.

"ज्योती, नको बोलू माझ्याशी. एवढंच सांग. अंगात ताप तर नाही ना?"

तिनं नाक ओढलं.

"नाही."

अन् फोन ठेवला. उद्या सातले पुन्हा विचारतो.